वळ न उठवणारी हिंसा

डोंबिवलीहून सकाळच्या जलद लोकलने नोकरीला जाणारी बाई. पगार तिचा, एटीएम कार्ड नवऱ्याकडे. ठाणं आलं की फोन : ‘कुठे आहेस? लोकेशन पाठव.’ माहेरी बोलायचं तेही स्पीकरवर. अंगावर वळ नाही, म्हणून नातेवाईक विचारतात, ‘मारत तर नाही ना?’

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तेवढ्यावर थांबत नाही, आणि तो वाचताना मी थक्क होते. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, हे सगळं त्याने मारहाणीच्या पंक्तीला बसवलं आहे. अशा जाचाला ‘हिंसा’ म्हणण्याइतकी बारीक नजर संसदेला कुठून आली? अर्थात बायकांच्या चळवळीतून! अमेरिकी अभ्यासक इव्हान स्टार्क यांचं नवऱ्याच्या अशा नियंत्रणावरचं गाजलेलं पुस्तक आलं २००७ मध्ये. आपला कायदा त्याआधीच, ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला होता. आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये, नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात’ असं फर्मावलं होतं!

खरी कमाल पुढे आहे. घर सोडलं म्हणून जाच सुटत नाही. मुलांच्या निमित्ताने मेसेजचा मारा, ऑफिसच्या दाराशी उभं राहणं, पोटगी मुद्दाम थकवणं. इंग्लंडने २०१५ मध्ये असं नियंत्रण गुन्हा ठरवलं, पण वेगळं राहणारी विभक्त जोडपी त्यातून सुटली; ती चूक सुधारणारी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये लागू झाली. आपल्या कायद्यात मात्र पहिल्यापासून, कधीकाळी एका घरात राहिलेलं नातंही धरलेलं आहे. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला फोन-मेसेज करायला, तिच्या कामाच्या जागी जायला, अगदी बँकेचा लॉकर उघडायलाही मनाई करू शकतात. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डोंबिवलीच्या बाईने अर्ज सासरच्या भागातल्या, म्हणजे कल्याणच्या कोर्टातच करायला हवा असं नाही. ती माहेरी तात्पुरती राहत असेल तर तिथेही चालतो.

निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि त्या तारखाच जाचाचं नवं हत्यार होतात. हे मला फार टोचतं.

म्हणून पुरावा हाताशी ठेवा : मेसेज पुसू नका, पगाराच्या खात्याचे उतारे जपा. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा.