डॅक आणि हेडफोन ॲम्प्लिफायर यांची पातळीजुळणी

डॅक (अंकीय स्वरूपातील ध्वनीचे सलग विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) हेडफोन ॲम्प्लिफायरला जोडले असता प्रत्येक टप्प्यावर संकेताची पातळी किती असावी हे ठरविण्याच्या क्रियेस पातळीजुळणी किंवा गेन स्टेजिंग असे म्हणतात. आवाज कमीजास्त करण्याच्या जागा या साखळीत बहुधा चार असतात: संगणकातील किंवा फोनमधील सॉफ्टवेअर, डॅकमधील अंकीय नियंत्रण, ॲम्प्लिफायरवरील गेनचा खटका आणि त्याची घुंडी. कानाला या चारही जागांचा परिणाम सारखाच भासतो. परंतु खरखर, विरूपण आणि श्रवणसुरक्षा या दृष्टींनी त्यांत पुष्कळ फरक आहे.

गेनचा अर्थ

ॲम्प्लिफायर विद्युतदाब किती पटींनी वाढवितो, ते प्रमाण म्हणजे गेन. ० डेसिबल गेनवर दाब आहे तेवढाच राहतो, ६ डेसिबलवर तो सुमारे दुप्पट, १२ डेसिबलवर चौपट आणि २० डेसिबलवर दहापट होतो. गेन वाढविल्याने ॲम्प्लिफायरची शक्ती वाढते, हा समज मात्र चुकीचा आहे. शक्तीची कमाल मर्यादा वीजपुरवठा आणि अंतर्गत रचना यांवरून ठरते. गेन वाढविल्यास ती मर्यादा घुंडी थोडी फिरविताच गाठली जाते, इतकेच.

बहुतेक डॅकच्या साध्या आउटपुटवर कमाल २ व्होल्ट आणि संतुलित आउटपुटवर सुमारे ४ व्होल्ट मिळतात. १६ ओहमचा, एका मिलिवॉटला ११० डेसिबल ध्वनी देणारा इअरफोन घेतला, तर त्याला ११० डेसिबलसाठी सुमारे ०.१३ व्होल्टच लागतात. पूर्ण २ व्होल्ट पोहोचल्यास गणिताने १३४ डेसिबल येतात, आणि ही पातळी कानास तत्काळ इजा करू शकते. याउलट ३०० ओहमच्या, एका मिलिवॉटला ९७ डेसिबल देणाऱ्या हेडफोनला २ व्होल्टवर सुमारे १०८ डेसिबल मिळतात. म्हणजे ‘जड’ समजल्या जाणाऱ्या अशा हेडफोनलाही नेहमीच्या ऐकण्यासाठी ० डेसिबल गेन सहसा पुरतो. कमी संवेदनक्षमतेचे काही प्लॅनर हेडफोन आणि अतिशय हळू पातळीवर ध्वनिमुद्रित केलेले संगीत हे याचे अपवाद.

पातळी कोठे कमी करावी

सर्वसाधारणपणे डॅकची पातळी पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ ठेवून ॲम्प्लिफायरच्या घुंडीने आवाज ठरविणे योग्य मानले जाते. अंकीय नियंत्रणाने ‘बिट नष्ट होतात’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अर्धेच खरे आहे. २४ बिटच्या डॅकमध्ये १६ बिटचे ध्वनिमुद्रण ४८ डेसिबलपर्यंत खाली आणले, तरी तत्त्वतः एकही बिट गळत नाही. खरे कारण डॅकची स्वतःची खरखर हे आहे. संकेत खाली आला तरी ती तेवढीच राहते. संकेत व खरखर यांत ११० डेसिबल अंतर असलेल्या डॅकवर ४० डेसिबल अंकीय घट केल्यास ते अंतर ७० डेसिबल उरते, आणि पुढे ॲम्प्लिफायर संकेताबरोबर खरखरही वाढवितो. तथापि डॅक पूर्णापेक्षा २-३ डेसिबल खाली ठेवण्यास हरकत नाही. फार जोरात मुद्रित केलेल्या गाण्यांत दोन नमुन्यांच्या मधला संकेत कमाल पातळी ओलांडू शकतो, त्याला त्यामुळे वाव मिळतो.

घुंडीचाही एक दोष आहे. साध्या पोटेंशिओमीटरच्या अगदी आरंभीच्या भागात डाव्या व उजव्या बाजूंची पातळी अनेकदा सारखी नसते, त्यामुळे गायकाचा आवाज एका कानाकडे कललेला वाटतो. गेन जास्त ठेवल्यास घुंडी नेमकी याच भागात वापरावी लागते. म्हणून प्रथम सर्वांत कमी गेन निवडावा. घुंडी जवळजवळ पूर्ण फिरवूनही आवाज अपुरा पडला तरच पुढची पायरी घ्यावी. इतके करूनही संवेदनक्षम इअरफोनसाठी घुंडी आरंभाशीच राहत असेल, तर डॅकची पातळी १०-१५ डेसिबल खाली आणणे हा बरा उपाय.

सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकणे ही मर्यादा आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो: ८३ डेसिबलवर २० तास, ८९ डेसिबलवर ५ तास. पातळी ठरविताना रचनेतील सर्वांत मोठा भाग वाजवून पाहावा. ख्यालाच्या संथ आलापावर घुंडी ठरविली, तर पुढील द्रुत गायकी अपेक्षेपेक्षा फार मोठी वाजते. काही सॉफ्टवेअर डॅकचा थेट ताबा घेतात तेव्हा संगणकाचे आवाज-नियंत्रण निकामी होते आणि संकेत एकदम पूर्ण पातळीवर जातो. त्यामुळे हेडफोन, सॉफ्टवेअर किंवा गेन बदलताना घुंडी शून्यावर आणून, हेडफोन कानांवरून काढून ठेवून मगच संगीत सुरू करावे.