लिपी एक, भाषा दोन : छोट्या संगणकाची मराठी मांडणी

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा संगणक २०१२ मध्ये बाजारात आला. मुलांनी संगणक हाताळून शिकावा, हा केंब्रिजमधील त्याच्या निर्मात्यांचा हेतू होता. मेमरी कार्डावर त्याची प्रणाली उतरवणे सोपे आहे. मराठीत लिहिणाऱ्याचे काम त्यानंतर सुरू होते. भोपाळमध्ये देवनागरी दिसली की ती हिंदीच, असे सहज धरले जाते. संगणकालाही अक्षरांवरून लिपी कळते. भाषा मात्र आपण सांगावी लागते.

आधी पायाभूत गोष्टी. एप्रिल २०२२ पासून या प्रणालीत तयार नाव व पासवर्ड येत नाही. दोन्ही आपणच ठरवायची. पुढे ‘रास्पी-कॉन्फिग’मधील ‘लोकलायझेशन’ विभागात जावे. तिथे वाय-फायसाठी देश म्हणून भारत निवडावा, नाहीतर वाय-फाय बंदच राहू शकते. वेळेच्या यादीत भोपाळ सापडणार नाही. ‘आशिया/कोलकाता’ हीच आपली वेळ. ‘पाय ५’च्या आधीच्या मुख्य मॉडेलांत वीज गेल्यावरही चालणारे घड्याळ नाही, ती वेळ इंटरनेटवरून घेतात. ‘पाय ५’मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. लेखाचा कोणता खर्डा ताजा हे फाइलच्या तारखेवरून ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच विभागात ‘लोकेल’ आहे. तेथे ‘एमआर-आयएन’, म्हणजे मराठी-भारत, ही खूण निवडावी. ज्या मेनूंचे भाषांतर झाले आहे ते मराठीत दिसतात, उरलेले इंग्रजीत. मात्र चित्रमय डेस्कटॉप न वापरता नुसत्या काळ्या आज्ञा-पडद्यावर काम करायचे असेल, तर मुख्य भाषा इंग्रजीच ठेवावी, असे मी सुचवीन. तो पडदा देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवत नाही.

कळफलकाची निवड वेगळी करावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात; उच्चारानुसारी मांडणीत रोमन कळांच्या ध्वनीवरून अक्षरे उमटतात. विद्यार्थ्यांना मी इनस्क्रिप्ट सुचवतो, कारण भारतीय लिप्यांत एका ध्वनीची कळ बहुधा एकच राहते. मराठीसाठी घेतलेले श्रम गुजराती किंवा बांगला टंकतानाही उपयोगी पडतात. दुसरी मांडणी इंग्रजी ठेवावी, कारण आज्ञा रोमनमध्येच द्याव्या लागतात.

मग देवनागरी फॉन्ट बसवावेत आणि लिबरऑफिसमध्ये भारतीय लिप्यांसाठीची भाषा मराठी करावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मजकुरावर हिंदीची खूण राहिली, तर शुद्धलेखन तपासणी हिंदीच्या नियमांनी चालते आणि अचूक मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे दोन्ही असतात. त्यांतले कोणते दाखवायचे, हे याच खुणेवरून ठरते.

शेवटी परीक्षा घ्यावी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द शेजारी टंकून पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ‘ऱ’ला हलन्त जोडून आलेला अर्धा र. इनस्क्रिप्टमध्ये हा ‘ऱ’ ‘र’च्याच कळेवर, शिफ्ट दाबून मिळतो, ‘ळ’ही तसाच ‘ल’च्या कळेवर. त्यानंतर ‘बाळ’, ‘ऱ्हास’ आणि ‘ॲप’ लिहावेत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तेथे रिकामा चौकोन दिसू शकतो. तसे झाले तर फॉन्ट बदलावा, शब्द बदलू नये.