पांगुळगाडा आणि दुपारची झोप

जुन्या नाशकात, गोदाकाठच्या एखाद्या वाड्याच्या ओसरीवर खडखडत जाणारा तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे ठाऊक असेल की तो गाडा मुलाला वाहून नेत नाही. मुलालाच दांडी धरून, स्वतःच्या पायांवर भार तोलून तो पुढे रेटावा लागतो, आणि चाक फरशीच्या सांधीत अडकले की पुढचा निवाडाही त्या चिमुकल्या गाडीवानालाच करावा लागतो. हल्लीच्या प्लास्टिकच्या वॉकरमध्ये मूल बसते.

हा भेद क्षुल्लक नव्हे. १९६३ साली हेल्ड व हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांजरांच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या यंत्रास अशा जोडल्या की एक पिल्लू चाले आणि त्याच्या चालण्याने दुसरे टोपलीत बसल्या बसल्या तितकेच फिरे. दृश्य दोघांसमोर सारखेच, परंतु खोलीचा अदमास मात्र चालणाऱ्यासच आला, टोपलीतल्या सरदारास नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ मधील मोजणीनुसार, बारा ते एकोणीस महिन्यांची मुले खेळताना ताशी सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. प्रत्येक पडण्यास ‘मुंगी मेली!’ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्या आजीचे शास्त्र अगदीच कच्चे नव्हते.

पण दिवसभराच्या शिकण्याचे हे कागद दप्तरी दाखल होतात ते निद्रेत. जर्मनीतील बोखुमच्या विद्यापीठात सहा व बारा महिन्यांच्या बाळांना बाहुलीचा हातमोजा काढण्याची युक्ती दाखविण्यात आली. त्यानंतर चार तासांच्या मुदतीत निदान अर्धा तास जी निजली, त्यांना ती पुढे आठवली. जी निजली नाहीत, त्यांच्याकडे तिची नोंद उरली नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आहे. निजलेल्या तान्ह्याची बोटे मध्येच थरथरतात, ओठ हलतात. सटवाई हसवते, असे आपण म्हणतो. आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लुमबर्ग यांच्या मते या लहानशा हिसक्यांतून मेंदू आपल्याच अवयवांची ओळख करून घेत असावा.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत कामास आलेली आई सावली शोधून लुगड्याची झोळी बांधते, ती काही केवळ हात मोकळे करण्यासाठी नव्हे, हे आता प्रयोगशाळाही सांगू लागली आहे. सबब, गाड्याची खडखड थांबून झोळी हलू लागली, तर पाहुणे दारात तिष्ठत असले तरी बाळास उठवू नये, एवढीच विनंती.