एकतारी करायची तर : सुके लाकूड आणि धारदार पटाशी



पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भजनाची आवड घराघरांत आहे. चवथीच्या आरत्या असोत की देवळातला भजनी सप्ताह, टाळ, पखवाज आणि हार्मोनियम आपल्याला नवे नाहीत. गाणारे, वाजवणारे पुष्कळ भेटतात. वाद्य बनवणारा मात्र शोधावा लागतो. एखाद्या मुलाने तंतुवाद्य करायला शिकायचे म्हटले की घरची माणसे लगेच दोन गोष्टी विचारतात : हत्यारांना खर्च किती, आणि लाकूड कुठून आणायचे? उत्तर ऐकून बरे वाटेल. आरंभाला पैसा थोडा लागतो, धीर मात्र जास्त लागतो.

तंबोरे आणि सतारी म्हटले की मिरजेचे नाव येते. तिथे हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. तो सुरू करणारे कारागीर मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. संस्थानिकांच्या लढाया संपल्या, तलवारींचे काम कमी झाले, तेव्हा गाण्याबजावण्याचा आश्रय असलेल्या त्या गावात त्यांनी वाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे नवी घडवायला घेतली. हातात होती ती धार लावायची विद्या; तिच्यावरच त्यांनी नवा व्यवसाय उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही तिथल्या कारागिरांना हे काम शिकणारी तरुण मुले हवीच आहेत.

तंबोरा हे पहिले वाद्य नव्हे. त्याची दांडी, तबली, घोडी आणि जवारी जमायला वर्षे लागतात. आपण एकतारीपासून सुरुवात करावी. सुकलेला भोपळा, त्यावर पातळ लाकडाची तबली, आरपार घातलेली बांबूची दांडी, एक घोडी, एक खुंटी आणि एक तार, इतकेच तिचे सामान. तुणतुण्याला तळाशी कातडे ताणावे लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कातडे सैल पडते. म्हणून नवशिक्याला लाकडी तबली सोपी. घोरपडीचे कातडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धच आहे. त्यामुळे घुमटालाही आता बकऱ्याचे कातडे लावतात.

भोपळा कडू जातीचा घ्यावा. मिरजेचे कारागीर पंढरपूर भागातून मोठे भोपळे आणतात. आपल्याला वीतभर रुंदीचा पुरे. पावसाच्या सुरुवातीला परसात बी लावले तर वेल मांडवावर चढतो. फळ वेलीवरच वाळू द्यावे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की देठासकट काढून सावलीत ठेवावे. बांबू जून झालेला, पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा. काही दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर त्याला कीड कमी लागते.

आता लाकूड. तंजावरची प्रसिद्ध वीणा फणसाच्या लाकडाची असते, आणि फणस तर आपल्या दारात उभा आहे. पण म्हणून झाडावर कुऱ्हाड घालू नये. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४ प्रमाणे खासगी जागेतले झाड तोडायलाही परवानगी लागते. शिवाय ओले लाकूड वाद्याला कामाचे नाही. ते वाळताना आक्रसते, पिळते आणि चिरते. मेहनतीने केलेली खुंटी मग सैल होते आणि सूर टिकत नाही.

वाळलेले लाकूड स्वस्तात कुठे मिळेल? जिथे ते पन्नास वर्षे वाळत पडले आहे तिथे. जुने घर पाडताना निघालेल्या फणसाच्या फळ्या, मोडका दरवाजा, तुटलेला पाट, सुताराच्या शाळेवरचे तुकडे, शाळेच्या अडगळीतली मोडकी बाके, हे सगळे आपले भांडार आहे. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. बोटाने ठोकून बघावे. आवाज खणखणीत यावा, भद्द नको. खुंटीसाठी घ्यायचा तुकडा गाठ नसलेला आणि सरळ रेषांचा असावा. वाळवीची पोखरण किंवा किड्याची भोके असतील तर तुकडा घेऊ नये. सगळे खिळे काढल्याशिवाय करवत लावू नये, नाहीतर दात जातील.

ताजीच फळी मिळाली तर सुतारांचा जुना ठोकताळा लक्षात ठेवावा : एक इंच जाडीला साधारण एक वर्ष. फळीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा तेलरंग लावावा, मध्ये पट्ट्या घालून हवेशीर सावलीत रचून ठेवावी. दर महिन्याला तिचे वजन करून वहीत लिहावे. वजन उतरायचे थांबले की ती कामाला योग्य झाली. विज्ञानाच्या वहीसाठी हा प्रयोग उत्तम आहे.

हत्यारांची यादी लहान आहे. बारीक दातांची करवत, अर्ध्या इंचाची पटाशी, अर्धगोल कानस, हाताचे गिरमिट, गुण्या आणि पॉलिश पेपर. पेटीभर हत्यारे एकदम घेऊ नयेत. प्रथम ओळखीच्या सुतारमेस्ताला विचारावे. वापरात नसलेली जुनी पटाशी त्याच्याकडे सापडू शकते, आणि जुने पोलाद घासले की छान धार घेते. लोहार गाडीच्या जुन्या कमानीच्या पट्टीतूनही पटाशी करून देऊ शकतो. उरलेले म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलात की तिथल्या दुकानांत पाहावे. पैसे वाचवायचे असतील तर हत्यारे कमी घ्या, पण धार लावायचा दगड चांगला घ्या. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि हात कापतो. चिकटवलेले भाग आवळून धरायला शिकंज्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चालतात. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडची कड घासली की तबली तासायला खरवडणी तयार होते. लहान मुलांनी पटाशी मोठ्यांच्या देखरेखीखालीच धरावी, आणि दुसरा हात कधीही धारेसमोर ठेवू नये.

तारेसाठी सतारीची एक पोलादी तार वाद्यांच्या दुकानात सुटी मिळते. घोडीपासून मेरूपर्यंत लांबी ६० सेंटिमीटर ठेवा आणि तार षड्जात लावा. मग तिची वाजणारी लांबी ४५ सेंटिमीटर केली की मध्यम, ४० वर पंचम आणि ३० वर तार षड्ज ऐकू येतो. तारेची लांबी निम्मी झाली की सूर दुप्पट उंच होतो, हा पुस्तकातला नियम स्वतःच्या हाताने केलेल्या वाद्यावर कळतो तेव्हा तो विसरला जात नाही.

शेवटी विश्वस्तांना आणि पालकवर्गाला एक विनंती. प्रत्येक घराने वेगळी हत्यारे घेण्याची गरज नाही. शाळेत एक सामायिक पेटी ठेवली, मोडकी बाके जाळण्याऐवजी त्यांच्या फळ्या राखल्या आणि गावातल्या एखाद्या मेस्ताला महिन्यातून एक शनिवार बोलावले, तर वर्षभरात पाचसहा एकताऱ्या सहज उभ्या राहतील. घरचे जुने दार भंगारात देण्यापूर्वी पालकांनी शाळेला एकदा विचारावे. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी भोपळ्याचे बी मिळवून ठेवावे.