घरचा लाइट आणि विम्याचा नकार
(लेखांक ६)

नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणं. सोरायसिस, कोड आणि हट्टी इसबावर ती कशी काम करतात, हे मागच्या लेखात पाहिलं. आज खर्चाचं बोलू, आणि तेही अमेरिकेपुरतं. घरी वापरायच्या मशीनसाठी विमा कंपनीकडे दाद मागण्याची वेळ तिथल्या आपल्या वाचकांवर वारंवार येते.

दवाखान्यात लाइट घ्यायचा तर आठवड्यातून दोनतीनदा जावं लागतं. गॉगल लावून कॅबिनेटमध्ये उभं राहायचं ते फार तर काही मिनिटं. पण त्यासाठी ऑफिसातून निघा, गाडी हाका, आणि प्रत्येक खेपेला को-पे भरा. सोरायसिसला हे तीनेक महिने चालतं, कोडाला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त. अशाने कित्येकांचे उपचार अर्ध्यावर सुटतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

घरच्या मशीनच्या बाजूने आता भक्कम पुरावा आहे. २०२४ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’त अमेरिकेतल्या ७८३ सोरायसिस रुग्णांचा ‘लाइट’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर घरी लाइट घेणाऱ्यांपैकी ३२.८ टक्के लोकांची त्वचा पूर्ण किंवा जवळजवळ स्वच्छ झाली होती. दवाखान्यात घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होतं. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे उपचार घेणारे घरी ५१.४ टक्के होते, दवाखान्यात जेमतेम १५.९. डॉक्टरांच्या पत्रात हा अभ्यास नावानिशी आलाच पाहिजे.

मशीनला विम्याच्या भाषेत ‘ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट’ म्हणतात, म्हणजे व्हीलचेअर ज्या खात्यात बसते तेच खातं. त्यामुळे फोनवर ‘फोटोथेरपी कव्हर आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तर दवाखान्यातल्या उपचारांचं मिळतं, आणि आपण निर्धास्त होतो. कोड नंबर सांगूनच विचारा. दोन चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या मशीनला ई०६९१, चार फुटी पॅनेलला ई०६९२, सहा फुटीला ई०६९३, चहूबाजूंनी प्रकाश देणाऱ्या कॅबिनेटला ई०६९४. सोबत आजाराचा कोड: कोडासाठी एल८०, नेहमीच्या सोरायसिससाठी एल४०.०. फोनवरच्या माणसाचं नाव, तारीख आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत टिपून ठेवा.

मग डॉक्टरांचं पत्र. ‘रुग्णाला मशीनची गरज आहे’ एवढ्या एका ओळीवर काहीही मंजूर होत नाही. कुठली मलमं किती महिने लावली, काय फरक पडला, शरीराचा किती टक्के भाग व्यापला आहे, दवाखाना किती मैलांवर आहे, हे सगळं हवं. फोटो जोडा. सोरायसिस असेल तर बायोलॉजिक इंजेक्शनांचा विषयही यावा. त्यांचा वर्षाचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो. मशीन त्यापुढे स्वस्त पडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

कोड असलेल्यांना मात्र वेगळीच भिंत लागते. पत्र येतं: ‘उपचार कॉस्मेटिक, म्हणून नामंजूर.’ ज्या आजारापायी आपल्याकडे मुलींची लग्नं अडतात, माणसं भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालतात, त्याला सौंदर्यप्रसाधनाच्या रांगेत बसवणं मला अन्यायाचंच वाटतं. कोड हा ऑटोइम्यून आजार आहे आणि थायरॉइडच्या विकारांशी त्याचं नातं आहे. जुलै २०२२ मध्ये एफडीएने त्यावर रुक्सोलिटिनिब क्रीमला मान्यता दिली. हे मुद्दे अपिलात जसेच्या तसे घाला.

हो, अपील कराच. केएफएफ या संस्थेने सरकारी मार्केटप्लेसवरच्या योजनांची २०२३ ची आकडेवारी तपासली, तेव्हा नाकारलेल्या दाव्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर अपील झालेलं आढळलं. कंपनीकडच्या अपिलाला नकार मिळाल्यापासून साधारणपणे १८० दिवस मिळतात. तिथेही नाही म्हटलं, तर बहुतेक योजनांमध्ये चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरच्या तज्ज्ञाकडून एक्स्टर्नल रिव्ह्यू मागता येतो. त्याचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो.

मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी: आपला प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ आहे का? तसा असेल तर कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं तरी पैसे तुमच्या मालकाचे असतात. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करून तिथे फारसं काही होत नाही. त्याऐवजी एचआरमधल्या बेनिफिट्स विभागाला सगळे कागद जोडून लिहा. अपवाद करायचा की नाही, हे ठरवणं त्यांच्या हातात असू शकतं.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये मंजूर उपकरणाच्या ठरीव रकमेपैकी, वार्षिक डिडक्टिबल भरल्यावर, ८० टक्के मिळतात. पुण्या-नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्समधून मात्र जुन्या सोरायसिसच्या मशीनची आशा धरू नका. आधीपासूनचे आजार त्यात सहसा वगळलेले असतात.

नकार कायम राहिलाच, तर एचएसए किंवा एफएसएमधले करमुक्त पैसे वापरता येतात. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि पावती तेवढी जपून ठेवा.