श्यामची आई कोणत्या टेबलावर?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या सभागृहांत पुस्तक प्रदर्शनं भरू लागतात. लांब टेबलं, त्यांवर चादरी आणि पुठ्ठ्याच्या पाट्या: ‘प्रेरणादायी’, ‘पाककला’, ‘बालसाहित्य’, ‘पालकत्व’. कविता आणि समीक्षा मागच्या भिंतीशी असतात, ही चार टेबलं मात्र दाराजवळ. विक्रेत्याला गिऱ्हाईक कळतं. आजी लोणच्यांचं पुस्तक चाळते, आई ‘मुलं अशी का वागतात’ छापाचं काहीतरी उघडते, बाबा कुणाच्या तरी यशाची कहाणी हातात घेतात आणि धाकटं चित्रांच्या पुस्तकांपाशी फतकल मारतं. एका कुटुंबाकडून चार टेबलांची विक्री होते. साहित्यिक चर्चांमध्ये या पुस्तकांना फारसा मान नसला, तरी अनेक दुकानांचं भाडं तीच भरतात.

गंमत अशी की यातली खरोखर टिकलेली पुस्तकं पाटीखाली नीट बसतच नाहीत.

‘श्यामची आई’चंच पाहा. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात 1933च्या फेब्रुवारीत अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढलं. पुस्तक 1935 साली बाहेर आलं. कोकणातल्या पालगडचं घर, गरिबी आणि आईच्या आठवणी, एकेका रात्री सांगितलेल्या. आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्यावर केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. मुलांच्या हाती द्यायचं पुस्तक म्हणून ते घरोघरी पोचलं, पण त्यात रडतात ती मोठी माणसं. आणि पालकांचं पुस्तक म्हणून आज उघडावं, तर दोन प्रसंग शेजारी ठेवून बघावे लागतात. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा आई आपला ओला पदर दगडावर पसरते आणि पायांइतकंच मनालाही जपायला सांगते. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतो. पोहायला घाबरून लपून बसलेल्या याच श्यामला ती शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते, हा मात्र सोयीने विसरला जातो. आजची आई तो वाचताना अडखळते, आणि अडखळावंच. पुस्तक मोठं आहे म्हणून त्यातली शिंपटीही पवित्र मानण्याचं कारण नाही.

तसं वाटायला तेव्हाही कारण नव्हतं. त्याच काळात भावनगरला गिजूभाई बधेका नेमकं उलट सांगत होते. गिजूभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला शिकवायचं कसं, या विचारातून ते माँटेसरींच्या पद्धतीकडे वळले आणि 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. त्यांचं ‘दिवास्वप्न’ मूळ गुजराती. मराठीतही ते आलं आहे. त्यातला लक्ष्मीराम नावाचा शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने तो शांततेचा खेळ घेतो. पोरं आरडाओरडा करून त्याची फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि गलका थांबतो. आपला नायक पहिल्या पाच-दहा पानांत तोंडावर पडतो हे छापायला धाडस लागतं, आणि पालकत्वाच्या बहुतेक सल्लाग्रंथांत तेच नसतं. तिथलं प्रत्येक मूल लेखकाचं ऐकतं.

गिजूभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हे लोण महाराष्ट्रात आणलं. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. पुण्यात 1987 साली ‘पालकनीती’ मासिक निघालं, गरवारे बालभवनच्या शोभा भागवतांनी ‘आपली मुलं’ लिहिलं. मराठी पालकाला हाताशी वाचायला काही नव्हतं असं नाही. ते दाराजवळच्या टेबलावर क्वचित दिसतं, एवढंच.

मराठीत पालकांनी आणि शिक्षकांनी मनावर घेतलेलं आणखी एक पुस्तक बालसाहित्यात सापडतं: ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहिल्या, त्या 1981 साली जपानमध्ये पुस्तकरूपाने आल्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी त्या मराठीत आणल्या. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक चिमुरडी तोमोए नावाच्या शाळेत येते. वर्ग भरतात रेल्वेच्या जुन्या डब्यांमध्ये. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तिची बडबड चार तास ऐकून घेतात. आणि डबा! प्रत्येक मुलाच्या डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी असावं, एवढाच त्यांचा नियम. जेवणाच्या वेळी त्यांची बायको दोन पातेली घेऊन मागोमाग फिरते. ज्याच्या डब्यात समुद्र नाही त्याला या पातेल्यातलं, डोंगर नाही त्याला त्या पातेल्यातलं वाढते. कुणाच्या आईने काय दिलं नाही याचा बभ्रा होत नाही. चौरस आहार, आईवर ओझं न टाकणं आणि गरीब-श्रीमंत डब्यांमधला फरक झाकणं, असं सगळं त्या दोन पातेल्यांत मावलं होतं. ही शाळा 1945 साली बॉम्बवर्षावात जळाली.

डब्यावरून स्वयंपाकाकडे. मराठीत छापील पाकपुस्तकांची सुरुवात रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875च्या ‘सूपशास्त्रा’पासून धरतात. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ पिढ्यान् पिढ्या वापरात राहिलं. पण पुस्तक उघडून ओट्याशी ठेवायची सवय घराघरांत लावली ती 1970च्या ‘रुचिरा’ने. कमलाबाई ओगले यांचं शिक्षण जेमतेम चौथी; स्वयंपाक त्या शिकल्या सासूच्या हाताखाली. पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. याचं गमक चवीइतकंच मापात होतं. ‘अंदाजाने मीठ’ हे ज्याला अंदाज आहे त्यालाच कळतं. नव्या संसारात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सासू-आई दोन्ही गावाला असलेल्या मुलीला वाटी आणि चमच्यात सांगणारं कुणीतरी हवं होतं. पुढे परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेतही मेतकूट-लोणच्याच्या बरण्यांसोबत हेच पुस्तक जाऊ लागलं. जुन्या प्रती ओळखायला सोप्या: पुरणपोळीच्या पानाला तुपाचा पारदर्शक डाग, समासात पेन्सिलीने ‘गूळ पाऊण पुरे’ आणि चिवड्याच्या पानाशी वाण्याच्या बिलाची खूण.

तरी ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ म्हणून जे छापलं जात होतं, ती मुख्यतः काही मोजक्या घरांची चूल होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं हे पानावर आलं. मांस वाळवून केलेल्या चान्या आल्या, रक्ती आली. पाककृती आहेत, पण त्यांच्याआधी त्या का तशा आहेत हे आहे: गावाने काय खाऊ दिलं, काय टाकून दिलं, काय विकत घेणं परवडत नव्हतं. 2024 साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि देशभर चर्चा झाली. मराठीत ती आधीच व्हायला हवी होती. ‘रुचिरा’ आणि हे पुस्तक एका फळीवर ठेवावं असं आवर्जून सांगायला हवं. दोन्ही मिळून निदान थोडा महाराष्ट्र जेवायला बसतो.

बालसाहित्याच्या टेबलावर उपदेशाचा धोका सर्वांत जास्त. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्यातून सुटला, कारण त्याला वेळच नव्हता. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्यात शाळेत शिकतो, सायकल दामटतो, ‘ट्टॉक’ करतो आणि संकटात उडी घेतो. मूल्यशिक्षणाचा तास भागवतांनी घेतला नाही. मुलांनी पुस्तकं फाटेपर्यंत वाचली. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांनी वेगळीच वाट काढली. चित्रं त्यांचीच आणि शब्दही त्यांचेच; ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’च्या गोष्टींत घडतं ते घरातलं, रोजचं. मूल रुसतं, कंटाळतं, प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं त्याच्याशी माणसासारखं बोलतात. मुलाला मांडीवर घेऊन वाचणाऱ्या बापाला यातून जे कळतं ते कुठल्या व्याख्यानात कळणार नाही. साहित्य अकादमीने त्यांना 2014 साली बालसाहित्य पुरस्कार दिला. आणि ज्यांना पुस्तकं विकत घेणं जड जातं, त्यांच्यासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, हे जितक्या पालकांना सांगावं तितकं थोडं.

उरलं प्रेरणादायी टेबल. तिथे गर्दी अनुवादांची: श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा बदलाव्या, लोकांना कसं जिंकावं. त्यांचा सूर बहुतेकदा एकच असतो, यश मिळालं नाही तर चूक तुमची. जमीन, जात, पैसा, ओळखी यांचा उल्लेख नाही. या ढिगात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981पासून उभं आहे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत आला आणि 1943 साली मरेपर्यंत तिथेच राहिला. गवाणकरांनी त्याची गोष्ट सांगताना माती सोडली नाही, म्हणून ती मराठी शेतकऱ्याच्या मुलालाही आपली वाटली. एकाच पिकाने, कापसाने, जमीन खंगलेली. त्यातच बोंडं पोखरणारा भुंगा आला. कार्व्हरने शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितला, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात.

पण पिकलेल्या शेंगांचं करायचं काय? नुसत्या उपदेशाने शेतकरी बुडाला असता. म्हणून कार्व्हरने 1916 साली एक पुस्तिका काढली. भुईमूग कसा लावावा हे त्यात होतंच, शिवाय तो खायचे 105 प्रकार होते: सूप, पाव, बिस्किटं, केक, आइस्क्रीम, शेंगदाण्याची मिठाई आणि कोंबडीच्या मांसाऐवजी चालेल असा शेंगदाण्याचाच एक पदार्थसुद्धा. कृती दोन-चार ओळींच्या, साहित्य गरिबाच्या घरात मिळेल असं. दाण्याची आमटी करणाऱ्या आणि भाजीत मूठभर कूट घातल्याशिवाय चैन न पडणाऱ्या घरांना त्यातल्या निम्म्या तरी आज संध्याकाळी करून बघता येतील.