पडद्यावरचा मास्तर आणि घरातली सायकल

डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. दुबईत जुलै महिन्यात उलटी अडचण असते. तिथे उजेड भरपूर, पण बाहेर पाऊल टाकलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. शिकागोत जानेवारीत रस्त्यावर बर्फ. मग ज्याला सायकलची हौस आहे त्याने काय करायचं? तो सायकल घरात आणतो, समोर टीव्ही किंवा टॅबलेट ठेवतो, व्यायामाचा व्हिडिओ लावतो आणि जागच्या जागी पायडल मारायला लागतो.

घरात सायकल चालवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे व्यायामाची सायकल. तिला एक जड चाक असतं आणि हँडलखाली एक नॉब असतो. नॉब फिरवला की पायडल जड होतं, म्हणजे चढ लागल्यासारखं वाटतं. दुसरा मार्ग म्हणजे ट्रेनर. हे एक स्टँडसारखं यंत्र असतं. आपली नेहमीची सायकल मागच्या बाजूने त्यावर बसवायची. चाक फिरतं, सायकल हलत नाही.

व्हिडिओही वेगवेगळ्या तऱ्हांचे असतात. काहींमध्ये एक मास्तर किंवा बाई समोर सायकलवर बसून सूचना देतात. जिममध्ये असे वर्ग असतात, त्यांना स्पिनिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग यांनी ते अमेरिकेत सुरू केले. काही व्हिडिओंत खरा रस्ता दिसतो: आल्प्समधला घाट, समुद्रकाठचा रस्ता. चांगला ट्रेनर असेल तर पडद्यावर चढ आला की पायडल आपोआप जड होतं. २०२० मध्ये करोनामुळे अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत रस्त्यावर झाली नाही. तेव्हा बारा दिवसांची एक शर्यत ट्रेनरवर झाली. त्यात भारतीय लष्करातले भरत पन्नू तिसरे आले. बारा दिवस एकाच खोलीत सायकल! मला तर बारा मिनिटांनी घड्याळ बघावंसं वाटतं.

खरं सांगायचं तर म्हणूनच व्हिडिओ लागतो. घरात वारं नाही, वळण नाही, सिग्नल नाही, ओळखीचं कुणी भेटत नाही. मन लगेच कंटाळतं. व्हिडिओ त्या वेळेचे तुकडे पाडतो. पाच मिनिटं हळू, मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, पुन्हा एक मिनिट जोरात. या जोरात-हळू पद्धतीला इंटरव्हल म्हणतात. सलग अर्धा तास जोर लावणं बहुतेकांना जमत नाही. पण मधे विश्रांती मिळाली तर तेवढ्याच वेळात जोराची मिनिटं जास्त होतात.

‘टाबाटा’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. वीस सेकंद पूर्ण जोर, दहा सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. हे एका जपानी शास्त्रज्ञांचं आडनाव आहे. इझुमी टाबाटा यांनी १९९६ मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. ही पद्धत त्यांनी स्वतः शोधलेली नव्हती. जपानच्या बर्फावर स्केटिंग करणाऱ्या संघाचे प्रशिक्षक ती आधीपासून वापरत होते. पण गंमत म्हणजे टाबाटांचा प्रयोग झाला तो एका जागी उभ्या असलेल्या सायकलवरच. त्यात भाग घेणारे तरुण आणि तंदुरुस्त होते. शेवटच्या फेरीपर्यंत ते अक्षरशः गळून जात. आज अर्ध्या तासाच्या एखाद्या व्हिडिओला कुणी ‘टाबाटा’ म्हणतं, तेव्हा समजावं की ते फक्त नाव आहे. खरा टाबाटा चार मिनिटांत माणसाला संपवतो, आणि नवशिक्याने तो करूच नये.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. पडद्यावरचा मास्तर तुम्हाला बघू शकत नाही.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आमच्याकडे लेस्टरला आले, ऑक्टोबरमध्ये. वय सहासष्ट. नोकरीची तीस वर्षं ते सायकलवरून शाळेत शिकवायला जायचे. इथे थंडीमुळे बाहेर पडणं बंद झालं, तेव्हा त्यांनी आमच्या व्यायामाच्या सायकलवर टांग टाकली. मी त्यांना तीस मिनिटांचा एक व्हिडिओ लावून दिला आणि स्वयंपाकाला गेले. व्हिडिओतला मुलगा असेल पंचवीसचा. दर दोन मिनिटांनी तो ओरडायचा, ‘अजून थोडं!’ आणि बाबा दर वेळी नॉब फिरवायचे.

व्हिडिओ संपला, बाबा लगेच खाली उतरले आणि भिंतीला धरून मटकन खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

“बाबा, दम लागला होता तर मधे थांबला का नाहीत?”

“अगं, तो कुठे थांबला? मास्तर उभा असताना विद्यार्थ्याने बसायचं कसं?”

पाणी प्यायल्यावर आणि पाय वर करून पडल्यावर त्यांना बरं वाटलं. पण मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

तेव्हा मला कळलं की नेमकं काय झालं. पाय फिरत असतात तेव्हा मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखं काम करतात. ते रक्त हृदयाकडे वर ढकलतात. पाय एकदम थांबले की पंप बंद होतो, पण पायांतल्या रक्तवाहिन्या अजून रुंदच असतात. रक्त खालीच राहतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी पाच-दहा मिनिटं हलकं पायडल मारायचं असतं. बाबांच्या व्हिडिओत ती पाच मिनिटं होती. पण पडद्यावर नावं यायला लागली, म्हणून त्यांना वाटलं सिनेमा संपला.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. व्हिडिओत अनेकदा सांगतात की २२० मधून तुमचं वय वजा करा, ते तुमच्या नाडीचे जास्तीत जास्त ठोके. हा हिशोब मुळात ढोबळ आहे. शिवाय बाबा रक्तदाबाची एक अशी गोळी घेतात की तिच्यामुळे नाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे ते कितीही दमले तरी घड्याळावरचा आकडा साधासुधा दिसतो. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, जरूर चालवा, पण आकड्याकडे बघू नका, बोलून बघा.

बोलून बघणं म्हणजे काय? गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी एक सोपी कल्पना मांडली. किती कष्ट होतात ते माणसाने स्वतःच एका आकड्यात सांगायचं. आम्ही घरात एक ते दहाची पट्टी केली. तीन म्हणजे गप्पा मारत चालवता येतं. सहा म्हणजे एक वाक्य बोललं की श्वास घ्यावा लागतो. आठ म्हणजे दोन-तीनच शब्द. दहा म्हणजे तोंडातून फक्त ‘आई गं!’ मास्तर म्हणतो ‘अजून थोडं’, तेव्हा बाबा आता मोठ्याने एक वाक्य म्हणतात. बहुतेक वेळा ते वाक्य त्या मास्तरबद्दलच असतं. वाक्य पूर्ण झालं तर नॉब फिरवायचा, नाही झालं तर राहू द्यायचं.

पडद्यावर ‘१५० वॅट’ असं दिसलं तरी तेच. वॅट म्हणजे तुम्ही पायडलवर किती ताकद देता त्याचं माप. कुणाला १५० वॅट म्हणजे बागेतला फेरफटका, कुणाला डोंगर. शर्यतीची तयारी करणारे लोक आधी वीस मिनिटं जितक्या जोरात टिकेल तितकं चालवून स्वतःचा आकडा काढतात, आणि त्याचे ९५ टक्के धरून पुढचे व्यायाम ठरवतात. तुम्हाला फक्त तब्येत राखायची असेल तर एवढं करायची गरज नाही.

पंख्याची मात्र गरज आहे, अगदी डिसेंबरमध्येसुद्धा. आपलं शरीर खातं त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पायडलवर १०० वॅट दिले की अंगातून ३०० वॅट किंवा जास्तच उष्णता बाहेर पडते. म्हणजे तुम्हीच एक छोटा हीटर झालात! रस्त्यावर वारा ती उष्णता घेऊन जातो. घरात घाम नुसता ठिबकतो. हँडलवर एक टॉवेल टाकून ठेवा, नाहीतर घामातल्या मिठाने लोखंड गंजतं.

सीटची उंची बघायची असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर काही दिवसांत गुडघे पुढून दुखायला लागतात. आमची सीट माझ्या मापाची होती आणि बाबा माझ्यापेक्षा चार इंच उंच. हेही मला नंतरच सुचलं.

आता ते नवा व्हिडिओ आधी चहा पीत पीत एकदा नुसता बघून घेतात. जोराचे तुकडे किती, शेवटी किती मिनिटं हळू, ते कागदावर लिहितात. मग आवाज बंद करून सायकलवर बसतात, कारण सेकंद मोजायचं काम नातवाकडे आहे. तीसपासून उलटं, आणि मराठीत. तीसनंतर एकोणतीस की एकोणचाळीस, इथे तो हमखास अडखळतो. तेवढा वेळ आजोबांना जोरात पायडल मारत राहावं लागतं, आणि “अरे, पुढे बोल ना!” ही त्यांची तक्रार आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते.